आठवड्यातून एकदा, तेही बेताने

सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या आणि वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचा पहिला महिना बहुतेकांना फुकट गेल्यासारखा वाटतो. दर आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅम अशी चार इंजेक्शने होतात. पैसे गेलेले असतात, शुगर जेमतेम हललेली असते आणि वजनाचा काटा तर ढिम्म. मग दवाखान्यात फोन जातो, "डॉक्टर, हे मला लागूच पडत नाहीये. डोस वाढवू का?" डॉक्टर म्हणतात, थांबा. पेशंटला वाटते, उगाच लांबण लावताहेत.

खरे तर तो महिना उपचाराचा नसतोच. सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे ओझेम्पिकच्या, माहितीपत्रकात कंपनीनेच स्पष्ट लिहिले आहे की ०.२५ मिलिग्रॅम हा साखर आटोक्यात आणण्याचा डोस नव्हे, तो फक्त सुरुवात करण्यासाठी आहे. टिर्झेपाटाइडच्या, म्हणजे मौंजारोच्या, २.५ मिलिग्रॅमबद्दलही तेच लिहिलेले असते. महिनाभर पूर्ण पैसे मोजून घ्यायचे आणि त्या औषधाने काम काय करायचे, तर पोटाला सवय लावायची! व्यवहारी माणसाला हे पटणे अवघडच. पण या औषधांच्या डोसमागचे सगळे गणित या महिन्यात दडलेले आहे, आणि ज्यांनी ते गणित धुडकावले त्यांच्यातलेच बरेच जण उलट्यांनी हैराण होऊन औषध सोडून देतात.

औषध कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये, हा वेगळा विषय. घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झालेला असेल, पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगायचे, एवढे इथे पुरे. हे प्रकरण डोसचे आहे.

जेवण पोटात पडले की आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सुटते. रक्तातली साखर चढलेली असेल तर ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते, साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉनला आवर घालते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवते. १९८० च्या दशकात अमेरिकेत बोस्टनला जोएल हॅबेनर आणि स्वेतलाना मोइसोव्ह यांनी, तर डेन्मार्कमध्ये येन्स यूल होल्स्ट यांनी या संप्रेरकाचा छडा लावला. मधुमेहावर इतके नेमके काम करणारे दुसरे काही सापडणे कठीण होते. अडचण एकच होती. रक्तात आल्यावर जेमतेम दोन मिनिटांत ते निम्मे होते. डीपीपी-४ नावाचे एक विकर त्याचे तुकडे पाडते. आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या याच विकराला रोखतात. म्हणजे शरीरातले जीएलपी-१ थोडे जास्त टिकवतात.

दोन मिनिटांपासून एका आठवड्यापर्यंतचा प्रवास एका विषारी सरड्यापासून सुरू झाला. अमेरिकेच्या वाळवंटात राहणाऱ्या गिला मॉन्स्टरच्या विषात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या जॉन एंग यांना जीएलपी-१ सारखाच एक रेणू सापडला, आणि तो डीपीपी-४ ला दाद देत नव्हता. त्यावरून तयार झालेले एक्झेनाटाइड २००५ मध्ये बाजारात आले. ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. पुढे नोव्हो नॉर्डिस्कमध्ये लोटे ब्येरे क्नुडसेन यांच्या चमूने मूळ मानवी रेणूलाच मेदाम्लाची एक शेपटी जोडली. ही शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटते. जत्रेच्या गर्दीत आजीचा पदर धरून चालणारे पोर जसे हरवत नाही, तसा अल्ब्युमिनला धरून राहिलेला रेणू मूत्रपिंडातून चटकन गळून जात नाही. लिराग्लुटाइड असे तेरा तास टिकू लागले, म्हणजे दिवसाला एक इंजेक्शन. सेमाग्लुटाइडमध्ये शेपटी लांबवली, विकराच्या तावडीत सापडणारे एक अमिनो आम्ल बदलले, आणि रेणूचे अर्धे आयुष्य साधारण एका आठवड्यावर गेले. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१७ मध्ये परवानगी मिळाली. एली लिलीचे टिर्झेपाटाइड २०२२ मध्ये आले. ते जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते आणि त्याचे अर्धे आयुष्य सुमारे पाच दिवसांचे आहे. हॅबेनर, मोइसोव्ह आणि क्नुडसेन यांना २०२४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

अर्धे आयुष्य ही कल्पना नीट समजली तर पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत. कागद-पेन्सिल घ्या. समजा, रविवारी ०.२५ मिलिग्रॅम टोचले. पुढच्या रविवारी त्यातले निम्मे, ०.१२५, अंगात शिल्लक आहे. त्यावर दुसरे ०.२५ पडले, झाले ०.३७५. तिसऱ्या रविवारी त्याचे निम्मे अधिक ०.२५, म्हणजे सुमारे ०.४४. चौथ्या रविवारी ०.४७. असेच चालू ठेवले तर आकडा ०.५ च्या जवळ जातो आणि तिथेच अडतो, कारण आठवड्यात जितके संपते तितकेच नव्याने येते. डोस एकदाही न वाढवता अंगातले औषध महिन्याभरात जवळजवळ दुप्पट झाले. औषधशास्त्रात याला स्थिर पातळी म्हणतात. ती गाठायला सेमाग्लुटाइडला चार ते पाच आठवडे लागतात, टिर्झेपाटाइडला साधारण चार.

चार आठवड्यांची पायरी कुठून आली, ते यावरून कळेल. दुसऱ्या आठवड्यात "काहीच होत नाही" म्हणून डोस वाढवणारा माणूस आधीचा डोस पुरता चढायच्या आत त्यावर दुसरा चढवत असतो. त्याला त्रास होतो तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि तेव्हा मागे फिरायला वाट नसते. गोळी जास्त झाली तर उद्या बंद करता येते. इथे बंद केल्यावरही औषध आपल्या गतीनेच उतरते.

त्रास म्हणजे मुख्यतः मळमळ, उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठ. पोट जड वाटते, करपट ढेकर येतात, दोन घास खाल्ले की बस वाटते. जठर मंदावल्यामुळे हे थोडे होते. पण मळमळीचे मोठे कारण मेंदूत आहे, कारण उलटीचे नियंत्रण करणाऱ्या भागापर्यंत हे औषध पोचते. सुदैवाने मेंदू आणि जठर दोघेही काही आठवड्यांत सरावतात. सरावायला वेळ द्यायचा, म्हणून पायऱ्या. सेमाग्लुटाइडच्या वजनासाठीच्या मोठ्या चाचणीत, जिचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, पायरीपायरीने डोस वाढवूनही औषध घेणाऱ्या दर दहांपैकी चारांहून अधिक जणांना कधी ना कधी मळमळ झाली. पायऱ्या गाळल्या तर काय होईल, याचा अंदाज यावरून यावा.

मधुमेहासाठी ओझेम्पिक चार आठवडे ०.२५, मग ०.५. तिथे साखर आटोक्यात आली तर तिथेच थांबायचे. नाही आली तर किमान चार आठवड्यांनी १, आणि अगदी गरज पडली तर २ मिलिग्रॅम. वजनासाठी तेच औषध वेगोव्ही या नावाने मिळते. त्याची चढण लांब आहे : ०.२५, ०.५, १, १.७ आणि २.४, प्रत्येक पायरीवर चार आठवडे, म्हणजे पूर्ण डोस सुरू होतो तो सतराव्या आठवड्यात. टिर्झेपाटाइड २.५ वर सुरू होते, चार आठवड्यांनी ५, आणि पुढे लागलेच तर दर वेळी २.५ ने वाढवत जास्तीत जास्त १५. दोन्हींचे मिलिग्रॅम एकमेकांशी ताडून पाहू नयेत. टिर्झेपाटाइडचे ५ म्हणजे सेमाग्लुटाइडच्या १ पेक्षा पाचपट जोरदार, असा हिशेब नसतो. रेणूच वेगळे आहेत.

आता लग्नसराईचा प्रश्न. "मुलाचे लग्न दोन महिन्यांवर आलेय, तोवर दहा किलो उतरवायचेत." दोन महिन्यांत दोनच पायऱ्या होतात. दुसरी पायरी संपता संपता अक्षता पडलेल्या असतात. जो कोणी त्यापेक्षा वेगाने नेतो म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नये. साखरेच्या बाबतीतही घाई महागात पडू शकते. ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाने आधीच परिणाम केलेला आहे, त्यांची साखर फार झपाट्याने उतरली तर तो त्रास काही काळ वाढू शकतो. सेमाग्लुटाइडच्या हृदयविकारविषयक चाचणीत हे दिसले होते. जुना मधुमेह असेल तर सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्यावेत.

पायऱ्या आहेत म्हणजे शेवटपर्यंत चढायलाच हवे, असाही एक समज आहे. मित्रमंडळींत, व्हॉट्सअ‍ॅपवर हल्ली विचारतात, "तू कितीवर आहेस?" जणू १५ वाला ५ वाल्याच्या पुढे गेला! टिर्झेपाटाइडच्या २०२२ च्या चाचणीचे आकडे पाहा. २,५३९ माणसे, ७२ आठवडे. ५ मिलिग्रॅमवाल्यांचे वजन सरासरी १५ टक्के घटले, १० वाल्यांचे १९.५ टक्के आणि १५ वाल्यांचे २०.९ टक्के. नुसते पाणी टोचलेल्यांचे ३.१ टक्के. डोस तिप्पट झाला तरी परिणाम दीडपटही झाला नाही, आणि १० वरून १५ वर गेल्याने दीड टक्क्याच्या आसपासच फरक पडला. मधुमेह असलेल्यांचे वजन या औषधांनी मुळातच कमी घटते. सेमाग्लुटाइड २.४ वर मधुमेह नसलेल्यांच्या चाचणीत सरासरी १४.९ टक्के घट झाली, तर मधुमेह असलेल्यांच्या चाचणीत ९.६ टक्के. शेजारणीचे बारा किलो गेले आणि माझे सातच, म्हणून माझा डोस कमी पडतोय, असे मुळीच नाही. माझे मत विचाराल तर ज्या सर्वांत खालच्या पायरीवर काम होते आहे आणि जेवण नीट जाते आहे, ती पायरी सोडायला सबळ कारण लागते. कंटाळा हे कारण नव्हे.

वार कोणता निवडावा? औषध दिवसाच्या कोणत्याही वेळी, जेवणाआधी किंवा नंतर घेतले तरी चालते, वार मात्र ठरलेला असावा. टोचल्यानंतर एक ते तीन दिवसांत रक्तातली पातळी सर्वांत वर असते. ज्या घरात रविवारी मटण ठरलेले आहे, तिथे शनिवारी टोचले तर नेमका रविवार-सोमवार जड जातो. तेलकट, तिखट आणि भरपेट जेवणावर ही मळमळ जास्त उठते. त्यापेक्षा सोमवार बरा. कडक उपास करणाऱ्यांनीही आपला उपासाचा वार डॉक्टरांना सांगावा. त्याचे कारण पुढे येईलच.

इंजेक्शन विसरले तर काय करायचे, याचे नियम माहितीपत्रकात वेगवेगळ्या शब्दांत दिलेले असतात. ओझेम्पिक म्हणते, पाच दिवसांच्या आत आठवले तर घ्या. अमेरिकेतले वेगोव्हीचे पत्रक म्हणते, पुढच्या इंजेक्शनला दोन दिवसांहून जास्त अवकाश असेल तर घ्या. टिर्झेपाटाइडला मुदत चार दिवसांची. गोंधळायचे कारण नाही. सातातून पाच गेले, दोन उरले. सातातून चार गेले, तीन उरले. कोणत्याही दोन इंजेक्शनांमध्ये सेमाग्लुटाइडला किमान दोन दिवस आणि टिर्झेपाटाइडला किमान तीन दिवस अंतर राहिले पाहिजे, एवढाच त्याचा मथितार्थ. वार बदलायचा असेल तरी हेच. तेवढे अंतर राहत नसेल तर तो डोस सोडून द्यायचा आणि पुढच्या ठरलेल्या वारी नेहमीचाच घ्यायचा. राहिलेला आणि आताचा असे दोन एकदम कधीही नाही.

गणपतीत मोदक नीट खाता यावेत म्हणून एक आठवडा सुट्टी घेणारेही आहेत. निम्मे औषध अंगात असतेच, त्यामुळे एका आठवड्याच्या सुट्टीने भूक काही पूर्वीसारखी परतत नाही. मोदक दोनच जातात, आणि पुढच्या आठवड्यात हिशेब विस्कटतो तो वेगळाच.

आता ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि जिथे सर्वांत मोठ्या चुका होतात, तिकडे वळू. डोस मोजायची तीन मापे आहेत : मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट. मिलिग्रॅम म्हणजे औषध किती. मिलिलिटर म्हणजे ते ज्या पाण्यात विरघळवले आहे ते पाणी किती. आणि युनिट म्हणजे इन्सुलिनच्या सिरिंजवरची रेघ. ही रेघ इन्सुलिनसाठी आखलेली आहे, या औषधांशी तिचा काडीचाही संबंध नाही. तरीही कुपीतून औषध ओढताना लोक युनिटमध्ये बोलतात, आणि तिथेच घात होतो.

अमेरिकेत २०२२ पासून सेमाग्लुटाइडचा तुटवडा होता. त्या काळात तिथल्या काही फार्मसी ते स्वतः तयार करून कुपीत भरून देत. पेशंटने सिरिंजने ओढून टोचायचे. जुलै २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने, एफडीएने, जाहीर इशारा दिला. काही पेशंटांनी ठरलेल्या डोसच्या पाच ते वीसपट औषध टोचून घेतले होते, आणि काहींना रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. चूक पेशंटांचीच होती असे नाही. एका ठिकाणी ०.२५ मिलिग्रॅमसाठी ५ युनिट लिहायचे ते २५ लिहिले गेले. दुसऱ्या एका ठिकाणी २ युनिटऐवजी २० लिहिल्यामुळे तीन पेशंटांना दहापट डोस गेला. लिहिणारे शिकलेसवरलेले लोक होते. इतक्या मोठ्या डोसवर उतारा नाही. सलाइन लावायचे, उलट्या थांबवायच्या, साखरेवर लक्ष ठेवायचे आणि वाट पाहायची. ती वाटही लांब, कारण अर्धे आयुष्य एका आठवड्याचे.

भारतात या गोंधळात एक भर आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज मेडिकलमध्ये शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी : तिच्यात १ मिलिलिटर म्हणजे ४० रेघा. नारिंगी टोपणाची १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी : तिच्यात १ मिलिलिटर म्हणजे १०० रेघा. कोणी तोंडी सांगितले, "१० युनिट ओढा". नारिंगी टोपणाच्या सिरिंजने ते ०.१ मिलिलिटर होते, लाल टोपणाच्या सिरिंजने ०.२५. एकाच आकड्यात अडीचपट फरक! सासऱ्यांच्या इन्सुलिनची उरलेली सिरिंज सुनेच्या वजनाच्या इंजेक्शनाला वापरली, असे आपल्या घरांत सहज घडू शकते.

मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये प्रथम आले ते कुपीतूनच. २.५ मिलिग्रॅमची कुपी आणि ५ मिलिग्रॅमची कुपी, दोन्हींत पाणी मात्र सारखेच, अर्धा मिलिलिटर. म्हणजे सिरिंज तीच, रेघ तीच आणि डोस दुप्पट. कुपीवरचा आकडा न वाचता नुसते "अर्धा मिलिलिटर घ्यायचे" एवढेच लक्षात ठेवणारा माणूस कुपी बदलली तरी बेसावध राहतो. किमतीनेही एक मोह घातला. तेव्हा लहान कुपी ३,५०० रुपयांची होती आणि दुप्पट औषधाची मोठी ४,३७५ ची. मग मोठी घेऊन दोन आठवडे निम्मी निम्मी का टोचू नये? हिशेब मराठी माणसाला पटणाराच आहे, पण ती कुपी एका वेळेसाठीच भरलेली असते. अशा कुपीत जंतुनाशक घातलेले नसते. एकदा सुई गेली की उरलेले फेकून द्यायचे असते, आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा टोचायचे नसते.

पेनमध्ये मोजमापाची ही डोकेदुखी बरीच कमी होते, कारण खिडकीत थेट मिलिग्रॅम दिसतात किंवा डोस ठरलेलाच असतो. वेगोव्ही भारतात जून २०२५ मध्ये आणि ओझेम्पिक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आले. सेमाग्लुटाइडच्या मुख्य पेटंटची आपल्याकडची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली आणि देशी कंपन्यांना रान मोकळे झाले. किंमत उतरणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण कंपनी बदलली की पेनची रचना, त्यातली तीव्रता आणि वापरण्याची पद्धत बदलू शकते. दुकानदाराने "तेच आहे हो, दुसऱ्या कंपनीचे" म्हणून हातात दिले तरी पेटीवर मिलिग्रॅम किती, एका मिलिलिटरमध्ये किती आणि एका पेनमध्ये किती डोस, हे वाचल्याशिवाय टोचू नका. पेनच्या टकटक आवाजाचे क्लिक मोजून मधलाच कुठला तरी डोस काढण्याचे प्रयोग इंटरनेटवर फार चालतात. ज्या पेनवर तो डोस छापलेला नाही, त्यातून तो मोजून निघेल याची हमी कोणी दिलेली नाही.

टोचण्याची क्रिया सोपी आहे. पोट, मांडी किंवा दंडाचा मागचा भाग, कातडीखाली, दर आठवड्याला जागा थोडी बदलून. ओझेम्पिकचा नवा पेन असेल तर आधी सुईच्या टोकाशी थेंब येतो का ते पाहायचे. मग बटण पूर्ण दाबून, खिडकीत शून्य आल्यावरही सुई आतच ठेवून सावकाश सहापर्यंत मोजायचे. लगेच ओढली तर कातडीवर थेंब राहतो, आणि तो थेंब तुमच्या डोसमधलाच असतो. नवरा-बायको दोघांनी एकच पेन सुई बदलून वापरणे हा काटकसरीचा आणखी एक प्रकार. तो साफ चूक आहे. रक्ताचा अंश पेनमध्ये मागे येऊ शकतो आणि कावीळ, एचआयव्ही यांसारखे संसर्ग सुई बदलल्याने अडत नाहीत.

न उघडलेले औषध २ ते ८ अंश तापमानात, फ्रिजमध्ये ठेवायचे, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नव्हे. एकदा गोठले की वितळल्यावरही ते बाद. वापरात असलेला ओझेम्पिकचा पेन ३० अंशांपर्यंत ५६ दिवस बाहेर चालतो, असे पत्रक सांगते. तो आकडा वाचून नागपूर-चंद्रपूरकरांनी मे महिन्यात पेन कपाटात ठेवू नये. तिथली खोली ३० अंशांची नसते. गाडीच्या डिकीतून गावी नेतानाही हेच.

बाकीच्या गोळ्यांचे काय? मेटफॉर्मिन बहुधा चालू राहते. सिटाग्लिप्टिनच्या कुळातली गोळी थांबवतात, कारण ती त्याच वाटेने काम करते आणि इंजेक्शनबरोबर तिचा वेगळा फायदा होत नाही. खरी काळजी ग्लिमेपिराइडच्या गोळीची आणि इन्सुलिनची. आठवड्याचे इंजेक्शन एकट्याने सहसा साखर घसरवत नाही, कारण साखर वाढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिन सोडवते. ग्लिमेपिराइडला असा विवेक नाही. भूक अर्ध्यावर आलेली, त्यात एकादशी, आणि सकाळची ग्लिमेपिराइड नेहमीसारखी घेतली, तर दुपारी घाम फुटून हातपाय कापू लागतात. म्हणून इंजेक्शन सुरू करतानाच अशा औषधांचा डोस डॉक्टर बहुधा कमी करतात. अनेकांच्या पाकिटात ग्लिमेपिराइड मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असते आणि ते घेणाऱ्याला ठाऊकच नसते. पाकीट सोबत घेऊन जा. टिर्झेपाटाइड घेणाऱ्या आणि गर्भनिरोधक गोळीवर असलेल्या स्त्रियांसाठी आणखी एक सूचना आहे. जठर मंदावल्याने गोळी नीट शोषली जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे सुरुवातीला आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरे साधन वापरावे.

शस्त्रक्रिया, किंवा भूल देऊन दुर्बिणीची तपासणी, ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला हे इंजेक्शन न विसरता सांगावे. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकते आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आधी एक आठवडा इंजेक्शन थांबवण्याची सूचना केली. नंतर थांबवायचे की नाही ते प्रत्येक पेशंटचा धोका पाहून ठरवावे, असा सुधारित सल्ला आला. ते ठरवायचे भूलतज्ज्ञाने, पण त्याला माहीत असेल तर.

राहिला थांबण्याचा प्रश्न. शेवटच्या इंजेक्शननंतर सेमाग्लुटाइड अंगातून जवळजवळ संपायला पाच आठवडे जातात. मूल हवे असेल तर किमान दोन महिने आधी ते बंद करायला सांगतात, ते यासाठीच. २०२१ च्या त्याच चाचणीतल्या काही लोकांवर औषध थांबवल्यानंतर वर्षभर लक्ष ठेवले, तेव्हा गेलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आलेले आढळले. त्यामुळे बरेच जण काही महिन्यांनी पुन्हा सुरू करायला निघतात आणि फ्रिजच्या कोपऱ्यात राहिलेला १ किंवा १.७ चा पेन शोधून काढतात. दोन-तीन इंजेक्शने लागोपाठ चुकली असतील तरी आधीच्याच पायरीवर थेट जायचे की खाली उतरून यायचे, हे डॉक्टरांना विचारावे लागते. दोन महिने गेले असतील तर पोटाची सवय मोडलेली असते आणि बहुधा पुन्हा ०.२५ पासूनच सुरू करावे लागते. तो जुना पेन स्वतःच्या मनाने टोचू नका. त्यावरची तारीख पाहा आणि पेन घेऊन डॉक्टरांकडे जा.